शाळा सोडण्यापासून शाळा मागण्यापर्यंत

शाळेला शिक्षक मिळेना की पालक पोरांना घेऊन पंचायत समितीत जातात, आवारात सतरंजी अंथरतात आणि तिथेच पाढे सुरू होतात. कार्यालयात शाळा भरवण्याचे हे आंदोलन महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. रायगड जिल्ह्यातल्या दिघीकरांना ते जिल्हा परिषदेसमोर करायचे तर खाडी ओलांडून आगरदांडा, पुढे मुरूड आणि मग अलिबाग गाठावे लागेल.

या आंदोलनाचे पूर्वज मात्र शाळा सोडणारे होते. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड केला, वसतिगृहातून काढले. टिळकांनी ‘केसरी’त लिहिले, ‘हे आमचे गुरूच नव्हेत’. पुढे असहकार चळवळीत सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार आला. बाहेर पडलेल्यांसाठी १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले.

मला सर्वांत मोठी वाटते ती १९३८ ची मराठवाड्यातली लढाई. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुले प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत. निजामाच्या राज्यात त्यावर बंदी आली. मुले हटली नाहीत, संपावर गेली. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोहोचले आणि शेकडो मुलांची नावे पटावरून गेली. निजामाच्या मुलखात त्यांना दुसरे कॉलेज कोण देणार? तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. मुलांच्या धैर्याइतकेच मोल या प्रवेशाचे आहे. संप मुले करतात, पण त्यांचे वर्ष वाचवायला कोणा मोठ्या माणसाला उभे राहावे लागते.

मुलांनी याहून मोठी किंमतही मोजली: १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीला बळी पडला.

दिघी तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या राज्यात होती, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आता राज्य आपले आहे, शाळाही आपली. म्हणूनच आजचे आंदोलन शाळा सोडण्याचे राहिले नाही, ते शाळा मागण्याचे झाले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक देतो, आणि राज्याचे नियम पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतात. हे मागायला सहा वर्षांच्या पोराला उन्हात बसवावे लागणे ही आपणा मोठ्यांची नामुष्की आहे. तेव्हा पालकांनो, आधी शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.