पूर आणि तहान : एकाच पाण्याच्या दोन कहाण्या

आपली घराणी ज्या शहरांत चार-चार पिढ्या नांदली, त्या शहरांचा इतिहास आपण बहुधा राजवाडे, वाचनालये आणि नाट्यगृहे यांच्या आधारे सांगतो. आज तो पावसाच्या पाण्यावरून सांगावा म्हणतो. शहरावर पडलेल्या पाण्याचे करायचे काय, या प्रश्नाला हैदराबाद आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिस या शहरांनी जवळजवळ एकाच काळात उत्तरे शोधली. ती परस्परांहून अगदी निराळी निघाली.

हैदराबादची कथा तिथल्या मराठी घरांना नवी नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदी शहरात शिरली. वरच्या अंगाचे दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. हजारो माणसे गेली. अफजलगंजच्या ज्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले, ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखवतात. निजाम सरकारने सल्ल्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात मुरलेले. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच. नदीला शहरातून लवकर बाहेर कसे घालवावे, एवढाच विचार त्यांनी केला नाही. मुशी आणि ईसी या नद्यांना शहराच्या वरच अडवावे, अशी त्यांची योजना होती. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. एकाच भिंतीने पूर थोपवला आणि शहराला पिण्याचे पाणीही दिले.

लॉस एंजेलिसने मात्र तहान एका खात्याकडे आणि पूर दुसऱ्या खात्याकडे सोपवला. वर्षाकाठी जेमतेम १५ इंच पावसाचे हे शहर. १९१३ मध्ये विल्यम मुलहॉलंड या अभियंत्याने ओवेन्स खोऱ्यातून २३३ मैलांचा कालवा आणून त्याची तहान भागवली. पुढच्याच वर्षी पूर आला आणि १९१५ मध्ये पूरनियंत्रणाचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. १९३८ च्या पुरात शंभराच्या आसपास माणसे दगावल्यावर लष्कराच्या अभियंत्यांनी ५१ मैलांच्या नदीचा बहुतेक भाग काँक्रीटने बांधून काढला. काही पाणी डोंगरपायथ्याच्या मोकळ्या खाचरांत मुरवले जाई; पण शहरावर पडलेले बहुतेक पाणी रस्त्यावरचे तेल, कचरा, धूळ घेऊन थेट समुद्रात जाऊ लागले. एका हाताने शेकडो मैलांवरून पाणी आणायचे आणि दुसऱ्या हाताने दारातले लोटून द्यायचे, असा हा संसार दीर्घकाळ चालला.

तो मोडायला सुरुवात झाली ती शहराच्या उत्तरेकडील सन व्हॅली या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. तिथे पावसाळी गटारेच नव्हती. सर आली की रस्त्यांचे ओढे होत. आधीचा विचार नेहमीसारखे मोठे गटार बांधून पाणी नदीत सोडण्याचा होता. वृक्षप्रेमी नागरिकांच्या संस्थेने विचारले, हे पाणी इथेच का मुरवू नये? २००६ मध्ये सन व्हॅली पार्क या सार्वजनिक बागेत त्याचे उत्तर उभे राहिले, खरे तर जमिनीखाली गेले. वर मुले चेंडू खेळतात, खाली रस्त्यावरचे पाणी साफ होऊन भूजलाला मिळते. पुढे २०१८ मध्ये त्या परगण्याच्या मतदारांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी स्वतःवर कर लावून घेतला : पाणी न मुरणाऱ्या जमिनीवर दर चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. जितके सिमेंट, तितका कर.

हे जमिनीखाली चालते कसे? रस्त्याच्या कडेचे पाणी आधी जाळीतून जाते. प्लास्टिक, पाने अडतात. मग ते एका गोल विहिरीत भोवऱ्यासारखे फिरते; वाळू-माती तळाशी बसते, तेलाचा तवंग वर अडतो. त्यानंतरच ते तळ उघडा असलेल्या किंवा खडी भरलेल्या टाक्यांत पसरते आणि थराथरांतून हळूहळू उतरते. गाळ वेळेवर उपसला नाही, तर सारी व्यवस्था दोन-चार पावसांत तुंबते. आणि साफ न करताच पाणी मुरवले, तर रस्त्यावरची घाण आपणच विहिरींत नेऊन ओतली असे होते.

यातले मर्म आपल्याला परके नाही. आम्हा जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरायचे नाही, हा दंडक आहे. अहमदाबादच्या पोळींतल्या जुन्या घरांत चौकाखाली चुन्याच्या गिलाव्याचे टाके असते. छपरावरचा पहिला पाऊस बाहेर सोडून द्यायचा, छप्पर धुऊन निघाले की मगच पाणी टाक्यात घ्यायचे. पहिले पाणी सर्वांत मळके असते, हे त्या गृहस्थांना ठाऊक होते.

मुंबईने या वाटेवर एक पाऊल टाकले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो विसरणे शक्य नाही. हिंदमाताचा परिसर तर त्याआधीही दरवर्षी बुडे. तिथले पाणी धरण्यासाठी अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या एका मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी धरायचे आणि ओहोटीला समुद्राकडे सोडायचे, हा त्यांचा मुख्य हेतू. पुरावर हा उपाय झाला. तहानेचा हिशेब बाकीच राहिला.

मात्र नक्कल करून भागणार नाही. एकाच तक्रारीच्या दोन रोग्यांना एकच औषध देऊ नये, हे मी चाळीस वर्षे दवाखान्यात पाळत आलो. जमिनीचेही तसेच आहे. सन व्हॅलीखाली वाळू-खडी आहे, पाणी झपाट्याने उतरते. माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. तिथे पाणी बंद टाकीत साठवून बागेलाच वापरणे बरे. १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून डोंगर चढवून इंदूरला आणावे लागते. त्यातले जेवढे हिरवळीवर ओतायचे वाचेल, तेवढे घरांना.

आणि हैदराबाद? ज्या शहराने पूर आणि तहान एकत्र पाहिली, त्यानेच पुढे तलाव आणि नाले बुजवून घरे बांधली. ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्या बुडाल्या, आणि पिण्याचे बहुतेक पाणी आज कृष्णा-गोदावरीवरून येते. शहाणपण एकदा मिळाले म्हणजे ते कायमचे राहते, असे नाही.

म्हणून तुमच्या प्रभागातल्या बागेचे नूतनीकरण निघेल तेव्हा कारंजे किती उंच, याबरोबर तीन गोष्टी अवश्य विचारा. इथे पडलेले पाणी जाते कुठे? जमिनीत उतरण्यापूर्वी ते गाळले जाते का? आणि गाळ कोण, केव्हा उपसणार? बागेतल्या पायवाटा सिमेंटने बंद होण्याच्या आधी हे विचारलेले बरे. नंतर फोडण्याचा खर्चही आपल्यालाच भरावा लागतो.