कुफिया : शेतकऱ्याचे शिरोवस्त्र

डोक्यावर काय आहे यावरून माणसाची पायरी ओळखण्याची रीत बहुतेक जुन्या समाजांत होती. पॅलेस्टाइनमधील कुफियाचा इतिहास आम्ही येथे याच दृष्टीने पाहणार आहोत.

चौकोनी सुती वस्त्राची त्रिकोणी घडी डोक्यावर घ्यावयाची आणि ती काळ्या गोफाने आवळावयाची, असा हा पोशाख. तो भटक्या बदाऊनांचा व 'फेलाह' म्हणजे खेडवळ शेतकऱ्यांचा. शहरातील वकील, व्यापारी, जमीनदार लाल तार्बुश घालीत. वस्तुतः तार्बुशाची ही प्रतिष्ठाही फार जुनी नव्हे. तुर्की सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली तो सरकारी अंमलदारांवर हुकमाने लादला. पुढे तोच प्रतिष्ठेची खूण होऊन बसला, आणि कुफिया गावंढळपणाची.

ही उतरंड उलटली ती १९३६ ते १९३९ च्या अरब उठावात. ब्रिटिश अंमल आणि ज्यूंचे वाढते स्थलांतर यांविरुद्ध उठलेल्या तुकड्यांत बहुसंख्य खेडूत होते. शहरात शिरताच ते कुफियावरून ओळखू येत. तेव्हा ऑगस्ट १९३८ मध्ये बंडाच्या पुढाऱ्यांनी फर्मान काढले, की शहरवासीयांनीही तार्बुश टाकून कुफिया धारण करावा. पाहता पाहता शहरे कुफियांनी भरली; बंडखोर कोण आणि वकील कोण, हे शिपायांस कळेना. मात्र हे सारे स्वखुशीने झाले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. कित्येकांनी तो अभिमानाने घातला, कित्येकांनी धाकाने; उठाव मोडताच अनेकांनी तो उतरवूनही ठेवला.

१९४८ साली सात लाखांवर पॅलेस्टिनी निर्वासित झाले. त्यानंतरच्या पिढीने हे वस्त्र पुन्हा उचलले. यासर अराफात यांनी ते जगास परिचित केले. १९६९ साली विमान पळविणाऱ्या लैला खालेद यांच्या छायाचित्रात तर पुरुषांचे हे वस्त्र स्त्रीच्या मस्तकी दिसले. एकास त्यात प्रतिकार दिसतो, दुसऱ्यास हिंसेची आठवण होते.

त्यावरील नक्षीत कोणी ऑलिव्हची पाने पाहतो, कोणी मासेमारीचे जाळे. आमच्या मते त्याचा खरा अर्थ नक्षीत नाही. जी गमावली ती जमीन कसणाऱ्याचे हे वस्त्र होते; म्हणूनच, जमीनदाराचा तार्बुश मागे पडला आणि कुळाचा कुफिया राष्ट्राची खूण ठरला.