ऑल्कॉटची शाळा आणि आमचे अहवाल

शिक्षणधोरणावर अहवाल लिहिण्यात माझी नोकरी सरली, तीही बहुतेक चेन्नईच्या अड्यारमध्ये. युनेस्कोचे उपमहासंचालकपद सोडून परतलेल्या माल्कम आदिशेषय्यांनी 1971 साली इथल्या गांधीनगरात मद्रास विकास अध्ययन संस्था काढली. तेव्हा दिल्लीत भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. ते कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे, कोठारी शिक्षण आयोगाचेही सदस्य-सचिव. 1977 मध्ये ही संस्था परिषदेच्या छत्राखाली आली. शाळांचा अभ्यास करून पोट भरता येतं, हे आमच्या पिढीला या दोघांमुळे कळलं.

अड्यारमध्ये शाळेचा प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी आधी येऊन बसला होता. तोच प्रश्न 1882 च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात मांडला: रयतेच्या पैशावर वरच्यांची कॉलेजं चालतात, तर बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. अभ्यासक्रमही सांगितला. मोडी, बालबोध, हिशेब, शेती, आरोग्य. त्याच डिसेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीने मुंबईतलं बिऱ्हाड हलवून अड्यार नदीकाठी मुक्काम टाकला.

त्या मंडळींत दामोदर मावळंकर हा अहमदाबादच्या मराठी ब्राह्मण घरातला तरुण होता. जात सोडून आलेला. 1885 साली तो तिबेटकडे निघाला आणि परतला नाही. सोसायटीचे अध्यक्ष कर्नल ऑल्कॉट यांनी 1894 मध्ये अड्यारला 'पंचमां'साठी, म्हणजे अस्पृश्यांसाठी, मोफत शाळा काढली. पुढे अशा आणखी शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीला दामोदरचं नाव दिलं. देखरेखीला अमेरिकेहून सारा पामर आल्या. तमिळ लिहिणं-वाचणं, कामापुरतं इंग्रजी, कुणी फसवू नये इतका हिशेब आणि स्वयंपाक, एवढंच इथे शिकवायचं. गोऱ्यांच्या घरी नोकरी मिळावी हा हेतू उघड होता. मला तो तोकडा वाटतो. फुल्यांच्या यादीत शेती होती, ती स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी. पण कामावर गेलेलं पोर शाळेत कसं यावं, हा प्रश्न ऑल्कॉटने टाळला नाही, हे खरं.

गरिबाचं पोर शाळेत यावं याचं दुसरं उत्तर जेवणाचं. मद्रास महापालिकेने 1920 मध्ये थाउजंड लाइट्सच्या शाळेत ते सुरू केलं, मुख्यमंत्री कामराजांनी 1956 पासून राज्यभर नेलं. उपाशी मूल शिकत नाही, हे शहाणपण अहवालांतून आलेलं नाही.

बालशिक्षणाची नवी पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या मारिया माँटेसरी 1939 च्या नोव्हेंबरात अड्यारला आल्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यामुळे त्या अडकल्या, त्यामुळे भारतभरच्या शिक्षकांना त्यांच्याकडे शिकता आलं. त्यांच्या महागड्या साधनांचं कौतुक मला कधी फारसं वाटलं नाही. तीच पद्धत ताराबाई मोडकांनी 1945 नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला नेली तेव्हा साधनं शिंपल्या-बियांची झाली. पोरं गुरं सोडून येईनात, म्हणून अनुताई वाघांसोबत त्यांनी शाळाच कुरणावर नेली. धोरण म्हणतात ते हे!

ऑल्कॉटची ती पहिली शाळा ऑल्कॉट मेमोरियल या नावाने अजून चालते, गरीब घरच्या मुलांसाठी, फी न घेता. धोरण शिकायला चेन्नईला येणाऱ्या मराठी मुलामुलींनी आधी ती बघावी. आमचे अहवाल ग्रंथालयात आहेतच, ते कुठे जात नाहीत.