बारामती–इंदापूर : हवाई अंतर व प्रवासकाळ

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन तालुक्यांच्या गावांमधील अंतर सरळ रेषेत सुमारे 48 किमी. आहे. विमानतळ फक्त बारामतीला आहे. गावाबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेला हा विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 1990 च्या दशकात उभारला. तेथूनही इंदापूर 48 किमी.च्या आतबाहेर, म्हणजे जवळपास 26 सागरी मैल भरते. धावपट्टीचा क्रमांक 11/29. यातील 11 म्हणजे होकायंत्रावरील साधारण 110 अंश. त्या दिशेने उड्डाण केलेल्या विमानाचे तोंड बरेचसे इंदापूरकडेच असते.

बारामतीत वैमानिक प्रशिक्षण चालते. नियमित प्रवासी सेवा नाही. प्रशिक्षणाचे छोटे विमान ताशी 200 किमी. वेगाने हे अंतर सुमारे चौदा मिनिटांत कापील, पण इंदापूरला उतरायला धावपट्टी नसल्याने हा आकडा कागदावरचाच. ऑनलाइन गणकयंत्रे जेट विमानाचा सरासरी वेग धरून अशा जोड्यांचा ‘उड्डाणकाळ’ काढतात. इतक्या जवळच्या गावांसाठी तो धरून चालण्यात अर्थ नाही.

खरी वाहतूक रस्त्यानेच होते. राष्ट्रीय महामार्ग 965जी काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी असा जातो. सुमारे 50 किमी.च्या या वाटेला मोटारीने तासभर लागतो. गाळपाच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पुढे असले की अधिक. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा सारा पट्टा बागायती केला आहे. जंक्शनवरून दक्षिणेला वालचंदनगरचा फाटा फुटतो. ज्यांच्या नावाचे हे गाव, त्या वालचंद हिराचंद यांनीच 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमाननिर्मितीचा कारखाना काढला. या वाटेचा विमानाशी असलेला सर्वांत मोठा संबंध हाच म्हणावा लागेल.

याच अंतराचे सर्वांत जुने आणि जिवंत माप पायी चालण्याचे आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढीच्या वारीत बारामतीहून इंदापूरला तीन-चार दिवसांनी पोहोचते. तिथीनुसार मुक्काम बदलतात, तरी सणसर आणि निमगाव केतकी ही ठाणी ठरलेली. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो. मग मेंढपाळ आपला कळप आणतात आणि मेंढ्या पालखीभोवती धावत फेऱ्या घालतात. बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. अंतराची कोणतीही नोंद या मुक्कामांवाचून अपुरी राहील.

इंदापूरकरांना विमान गाठायचे तर पुणे–सोलापूर महामार्गाने पश्चिमेला पुण्याचा लोहगाव विमानतळ, किंवा पूर्वेला सोलापूर. सोलापूरहून 2025 च्या जूनमध्ये गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली.