रिकामी केलेली जागा: अमेरिकी विधिमंडळांतील विशेष निवडणुकांचा इतिहास

१.
१६ सप्टेंबर १९२० रोजी न्यूयॉर्क शहरातील पाच मतदारसंघांत मतदान झाले. राज्याच्या विधानसभेतील पाच जागा रिक्त होत्या. त्या पाचांपैकी कोणाचे निधन झाले नव्हते की कोणी राजीनामा दिला नव्हता. सभागृहानेच त्यांना बाहेर काढले होते. मतदारांनी त्या पाच जागांवर पुन्हा तेच पाच जण निवडून पाठवले.

२.
आमदाराची जागा मुदतीपूर्वी रिक्त झाली तर ती भरायची कशी, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. भारतात विधानसभेच्या बाबतीत त्याचे उत्तर ठरलेले आहे: पोटनिवडणूक. अमेरिकेत तिला विशेष निवडणूक म्हणतात. पण तेथे प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना आहे, आणि म्हणून जागा भरण्याची रीतही राज्यागणिक बदलते.

३.
पन्नासपैकी सुमारे निम्म्या राज्यांत विधिमंडळाची रिक्त जागा विशेष निवडणुकीने भरतात. उरलेल्या राज्यांत नियुक्ती चालते. ॲरिझोनात जाणाऱ्या सदस्याच्याच पक्षाने तीन नावे सुचवायची आणि काउंटीच्या मंडळाने त्यांतील एक निवडायचे, अशी पद्धत आहे. इलिनॉयमध्ये ही निवड पक्षाच्या स्थानिक समितीच्या हाती असते.

४.
न्यूयॉर्क आणि जॉर्जिया ही राज्ये निवडणुकीच्या गटातली. तेथे गव्हर्नर आदेश काढतो आणि मतदार जागा भरतात. टेनेसीने दोन्ही रीतींची सांगड घातली आहे. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीला बारा महिने किंवा अधिक अवधी असेल, तर विशेष निवडणूक घ्यावी लागते. ती होईपर्यंत स्थानिक काउंटीचे मंडळ तात्पुरता प्रतिनिधी नेमू शकते.

५.
निधन किंवा राजीनामा हे कारण असेल, तर या नियमांवर फारसा वाद होत नाही. खरा पेच पडतो तो सभागृहाने आपल्याच सदस्याची हकालपट्टी केल्यावर. अशा वेळी विशेष निवडणूक हा त्या निर्णयावर मतदारांनी दिलेला कौल ठरतो. मग प्रश्न उरतो: सभागृह आणि मतदार यांच्यात मतभेद झाला, तर शेवटचा शब्द कोणाचा?

६.
हा प्रश्न अमेरिकेच्या स्वातंत्र्याहून जुना आहे. १७६८ मध्ये जॉन विल्क्स हा सरकारचा कडवा टीकाकार इंग्लंडमधील मिडलसेक्समधून पार्लमेंटवर निवडून आला. फेब्रुवारी १७६९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने त्याची हकालपट्टी केली. जागा रिक्त झाली, पोटनिवडणूक झाली आणि विल्क्सच निवडून आला. सभागृहाने ती निवड रद्द केली. मार्चमध्ये तो पुन्हा निवडून आला. तीही निवड रद्द झाली.

७.
एप्रिलमध्ये सरकारी पक्षाने हेन्री लटरेल यांना उभे केले. विल्क्सला १,१४३ मते पडली, लटरेल यांना २९६. सभागृहाने लटरेल यांनाच विजयी ठरवून आसन दिले. मतदारांनी तीनदा दिलेले उत्तर ऐकायचे नसेल, तर प्रश्न विचारायचाच कशाला, असा संताप त्यातून उसळला. पुढे १७८२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने विल्क्सविरुद्धचा तो ठराव आपल्या नोंदींतून पुसून टाकला.

८.
अटलांटिकपलीकडच्या वसाहती हे सारे डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या. दक्षिण कॅरोलिनाच्या वसाहतीच्या सभागृहाने विल्क्सच्या समर्थकांसाठी १,५०० पौंड मंजूर केले. पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी या शहराच्या नावात तो आजही आहे.

९.
त्याच पेनसिल्व्हेनियाने १७७६ मध्ये आपल्या पहिल्या राज्यघटनेत एक छोटे कलम घातले. सभागृहाला सदस्याची हकालपट्टी करता येईल, पण त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा नाही. याचा अर्थ असा की, मतदारांनी सारे ठाऊक असताना त्याच माणसाला परत पाठवले, तर तो वाद तेथेच संपला. पुढे अनेक राज्यांनी असेच कलम स्वीकारले. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत मात्र ते नव्हते.

१०.
आता न्यूयॉर्कच्या त्या पाचांकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर आणि रशियन क्रांतीनंतर अमेरिकेत साम्यवादाची भीती शिगेला पोहोचली होती. जानेवारी १९२० च्या पहिल्याच आठवड्यात केंद्रीय यंत्रणांनी देशभर धाडी घालून हजारो लोकांना पकडले होते. अशा वातावरणात ७ जानेवारीला राजधानी ऑल्बनी येथे विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले.

११.
सभागृहात १५० सदस्य होते: ११० रिपब्लिकन, ३५ डेमोक्रॅट आणि ५ समाजवादी. लुई वॉल्डमन, ऑगस्ट क्लेसन्स, चार्ल्स सॉलोमन, सॅम्युअल डेविट आणि सॅम्युअल ऑर हे ते पाच जण. शपथविधी पार पडला होता. तेवढ्यात अध्यक्ष थॅडियस स्वीट यांनी पाचही जणांना आपल्यासमोर बोलावले, त्यांच्या पक्षावर राज्यद्रोहाचा ठपका ठेवला आणि त्याच दिवशी सभागृहाने त्यांना निलंबित केले.

१२.
समाजवादी पक्ष कायदेशीर होता आणि त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेले होते. म्हणूनच चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी जाहीर निषेध केला. ते राज्याचे माजी गव्हर्नर, १९१६ चे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार, म्हणजे स्वीट यांच्याच पक्षाचे. समाजवाद त्यांना मान्य नव्हता. पण केवळ एका कायदेशीर पक्षाचे सदस्य आहेत म्हणून निवडून आलेल्यांना बाहेर काढले, तर प्रातिनिधिक शासनाचा पायाच ढासळेल, अशी त्यांची भूमिका होती.

१३.
काही आठवडे समितीपुढे सुनावणी चालली. १ एप्रिल १९२० रोजी पाचही जणांची मोठ्या बहुमताने हकालपट्टी झाली. न्यूयॉर्कच्या विधानसभेची मुदत त्या काळी एकाच वर्षाची असे. त्यामुळे जागा रिकाम्या राहू देणे आणि वर्ष सरण्याची वाट पाहणे, हा सभागृहातील बहुमताला सोयीचा मार्ग होता.

१४.
गव्हर्नर अल स्मिथ हे डेमोक्रॅट. घरटंचाईच्या प्रश्नावर त्यांनी सप्टेंबरमध्ये विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले आणि त्याआधी पाचही जागांसाठी विशेष निवडणूक जाहीर केली. मुदतीचे जेमतेम साडेतीन महिने उरले होते. तरीही मतदारांनी पाचही जणांना परत पाठवले.

१५.
२१ सप्टेंबरला सभागृहाने वॉल्डमन, क्लेसन्स आणि सॉलोमन यांना पुन्हा बाहेर काढले. ऑर आणि डेविट यांना आसन मिळाले, पण सहकाऱ्यांवरील अन्यायाच्या निषेधार्थ त्या दोघांनी तेथल्या तेथे राजीनामे दिले. पाचही मतदारसंघ पुन्हा प्रतिनिधीविना राहिले. मतदारांनी कौल दिला होता. तो सभागृहावर बंधनकारक करणारा नियम नव्हता.

१६.
पुढचा अध्याय घडला दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात. तेथील विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येशी विसंगत होते. न्यायालयाच्या आदेशाने त्यांची फेररचना झाली आणि १९६५ मध्ये नव्या मतदारसंघांत विशेष निवडणूक घेण्यात आली. अटलांटाच्या १३६ व्या मतदारसंघातून पंचविशीतला एक कृष्णवर्णीय तरुण निवडून आला: ज्युलियन बाँड. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेचा तो प्रसिद्धिप्रमुख होता.

१७.
६ जानेवारी १९६६ रोजी त्या संघटनेने व्हिएतनाम युद्धाचा आणि सक्तीच्या सैन्यभरतीचा निषेध करणारे निवेदन काढले. बाँड यांनी त्याला पाठिंबा दिला. चारच दिवसांनी, १० जानेवारीला, शपथविधी होता. राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ हा माणूस प्रामाणिकपणे घेऊ शकत नाही, असे म्हणत सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना आसन नाकारले. बाँड तर शपथ घ्यायला तयार होऊन आले होते.

१८.
बाँड न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत त्याच मतदारसंघातील एक मतदारही वादी झाले: मार्टिन ल्यूथर किंग. हा तपशील महत्त्वाचा आहे. आसन नाकारल्याने केवळ उमेदवाराचे नुकसान होत नाही, मतदाराचाही हक्क हिरावला जातो, हा दावा त्यातून न्यायालयापुढे आला. पण तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल बाँड यांच्या विरोधात दिला.

१९.
सर्वोच्च न्यायालयातील अपील प्रलंबित असताना गव्हर्नरांनी रिक्त जागेसाठी विशेष निवडणूक घेतली. बाँड प्रचंड बहुमताने विजयी झाले. विधिमंडळाच्या नियम समितीने त्यांना बोलावून पुन्हा तेच विचारले: निवेदन मागे घेणार का? त्यांनी नकार दिला. समितीने त्यांना पुन्हा बाहेर ठेवले. नोव्हेंबर १९६६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांनी त्यांना तिसऱ्यांदा निवडून दिले.

२०.
५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा: शपथेचे निमित्त करून सभागृहाला सदस्याच्या मतांची झडती घेता येत नाही. सरकारी धोरणावर टीका करण्याचे जे स्वातंत्र्य सामान्य नागरिकाला आहे, ते लोकप्रतिनिधीलाही आहे. जानेवारी १९६७ मध्ये बाँड यांनी शपथ घेतली. त्यानंतर वीस वर्षे ते जॉर्जियाच्या विधिमंडळात होते, आधी प्रतिनिधिगृहात आणि मग सिनेटमध्ये.

२१.
यानंतर सत्तावन्न वर्षांनी हाच प्रश्न टेनेसीत उभा राहिला. २७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिल येथील एका शाळेत झालेल्या गोळीबारात तीन मुले आणि तीन प्रौढ ठार झाले. बंदूक नियंत्रणाच्या मागणीसाठी जस्टिन जोन्स, जस्टिन पिअर्सन आणि ग्लोरिया जॉन्सन या तीन डेमोक्रॅट सदस्यांनी सभागृहात घोषणा देऊन कामकाज रोखले.

२२.
६ एप्रिलला तिघांविरुद्ध हकालपट्टीचे ठराव आले. ९९ सदस्यांच्या सभागृहात दोन तृतीयांश म्हणजे ६६ मते हवी होती. जोन्स यांच्याविरुद्ध ७२ आणि पिअर्सन यांच्याविरुद्ध ६९ मते पडली. जॉन्सन यांच्याविरुद्ध पडली ६५. त्या एका मताने वाचल्या. हकालपट्टी झालेले दोघे कृष्णवर्णीय आणि वाचलेल्या सदस्या श्वेतवर्णीय होत्या, यावरून देशभर वादळ उठले.

२३.
पण टेनेसीच्या राज्यघटनेत तात्पुरत्या नियुक्तीची तरतूद होती. १० एप्रिलला नॅशव्हिलच्या परिषदेने ३६ विरुद्ध ० मतांनी जोन्स यांनाच नेमले. १२ एप्रिलला शेल्बी काउंटीने पिअर्सन यांनाच परत पाठवले. आठवडा उलटण्याच्या आत दोन्ही आसने भरली. ३ ऑगस्टच्या विशेष निवडणुकीत दोघेही विजयी झाले.

२४.
सभागृहाला त्यांना पुन्हा काढता आले असते का? त्याच प्रकरणावरून नाही. एकाच अपराधासाठी दुसऱ्यांदा हकालपट्टी करता येणार नाही, असे टेनेसीची राज्यघटना स्पष्ट सांगते. १७७६ मध्ये पेनसिल्व्हेनियाने लिहिलेला विचार येथे कामी आला. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या पाचांना नेमक्या याच संरक्षणाची उणीव भासली होती.

२५.
महाराष्ट्राशीही या प्रश्नाचा थेट संबंध आहे. ५ जुलै २०२१ रोजी राज्याच्या विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ नुसार, काही अपवाद सोडता, रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी लागते. पण निलंबनाने जागा रिक्त होत नाही. पोटनिवडणूक नाही आणि प्रतिनिधीही नाही, अशी त्या मतदारसंघांची कोंडी झाली.

२६.
२८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचे ते निलंबन घटनाबाह्य ठरवले. एवढे दीर्घ निलंबन हकालपट्टीहूनही वाईट, असे न्यायालयाने म्हटले. हकालपट्टी झाली तर निदान मतदारांना ठराविक मुदतीत नवा प्रतिनिधी निवडता येतो. लांबलेल्या निलंबनात शिक्षा साऱ्या मतदारसंघालाच होते.

२७.
या साऱ्या प्रकरणांत मतदारांनी दाखवलेली जिद्द सारखीच आहे. मिडलसेक्स, न्यूयॉर्क, अटलांटा, नॅशव्हिल, मेम्फिस: प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपला माणूस परत पाठवला. फरक पडला तो नियमांमुळे. लंडनमध्ये आणि ऑल्बनीत बहुमताने तो कौल झुगारला. अटलांटात न्यायालयाची वाट पाहावी लागली आणि जवळजवळ एक वर्ष गेले. टेनेसीत राज्यघटनेतील दोन कलमांनी आठवड्याभरात काम केले.

२८.
म्हणून कुठेही एखादी जागा रिक्त झाल्याची बातमी आली की तीन गोष्टी तपासाव्यात: ती कोणी रिकामी केली, ती कोण भरणार आणि किती दिवसांत. उमेदवारांची नावे त्यानंतर वाचली तरी चालतात.