दंश आणि घाम : विंचवाच्या भीतीची काही पाने

मराठी बोलण्यात वाघापेक्षा विंचू अधिक वेळा भेटतो, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, फार नाही. सतत जागा बदलणाऱ्याचे वर्णन करताना आपण विंचवाचे पाठीवरचे बिऱ्हाड आठवतो. दुर्जनाने थोरांचा आश्रय घेतला, की तो महादेवाच्या पिंडीवरचा विंचू होतो. त्याला वहाणेने मारता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. जिव्हारी लागणारा अपमान झाला, तर अंगाला हजार इंगळ्या डसतात. वाघाची भीती बहुतेकांच्या वाट्याला कथेतून येते. विंचू मात्र घरातला आहे. तो गोवऱ्यांच्या ढिगात असतो, भाताच्या पेंढ्यात असतो, भिंतीच्या भेगेत आणि रात्री काढून ठेवलेल्या वहाणेतही असतो. मोठ्या श्वापदाचे भय त्याच्या बळाला साजेसे असते. विंचू, कोळी, गोम या क्षुद्र जीवांच्या बाबतीत देह आणि वेदना यांचे प्रमाणच जुळत नाही. बोटभर जीव आणि रात्रभर आकांत! जिथे प्रमाण असे बिघडते तिथे भाषा कामाला लागते, असे आम्हाला वाटते. या भाषेचा इतिहास शोधताना एक लहानसे लक्षण आम्हाला वारंवार भेटत गेले. ते लक्षण म्हणजे घाम. त्याचाच माग येथे घ्यायचा आहे.

आरंभ ऋग्वेदापासून करता येतो. पहिल्या मंडलाचे शेवटचे, म्हणजे १९१वे सूक्त विषनाशनाचे आहे. परंपरा ते अगस्त्यांच्या नावावर देते. सूक्ताच्या शेवटच्या ऋचेत विंचवाला थेट संबोधून, तुझे विष निःसत्त्व आहे, असे सांगितले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने यातील संबोधनाकडे लक्ष द्यावे. ज्याचे भय वाटते त्याला द्वितीय पुरुषी एकवचनात बोलावणे, त्याच्याशी बोलणे, ही भयावर मात करण्याची एक प्राचीन युक्ती आहे. अथर्ववेदातही साप-विंचवाच्या विषावरचे मंत्र आहेत. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांपर्यंत ही युक्ती या ना त्या रूपात टिकून राहिली.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मात्र मंत्राबरोबर वर्गीकरण येते. विंचवाचे तेथे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केले आहेत आणि कशात जन्मला यावरून त्याच्या विषाची तीव्रता ठरवली आहे. शेण कुजून झालेला सौम्य, तर विषाने मेलेल्या प्राण्याच्या किंवा सापाच्या कुजक्या देहातून निपजलेला प्राणघातक. ही उपपत्ती आज टिकणारी नाही. पण सगळे विंचू सारखे नसतात, हे निरीक्षण खरेच आहे. याच ग्रंथात कोळ्याच्या, म्हणजे लूतेच्या, उत्पत्तीची एक कथा येते. विश्वामित्राने वसिष्ठांना क्रुद्ध केले. तेव्हा वसिष्ठांच्या कपाळावरून घामाचे थेंब ओघळले, ते गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडले आणि त्यांतून विषारी कोळी उपजले. ‘लून’ म्हणजे कापलेले, म्हणून ‘लूता’. व्युत्पत्ती म्हणून ही कथा कल्पित असेल. परंतु तिने जोडलेली साखळी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आधी क्रोध, मग घाम, मग विष.

भयाच्या शेजारी आकर्षणही नांदत असतेच. वैद्यकाने ज्याच्या विषाच्या सोळा जाती मोजल्या, तोच कोळी मुंडकोपनिषदात ऊर्णनाभि म्हणून येतो आणि अक्षरातून विश्व कसे प्रकटते याचा दृष्टान्त होतो. स्वतःतून तंतू काढणारा आणि तो पुन्हा स्वतःत घेणारा जीव तत्त्वज्ञाला मोहक वाटला. श्रीकाळहस्तीच्या स्थलपुराणात तर कोळी शिवाचा भक्त आहे आणि क्षेत्राच्या नावातला ‘श्री’ त्याचाच मानला जातो. विंचवाच्या वाट्याला इतका मोठा सन्मान आलेला दिसत नाही. त्याला मराठीत एक थोर कवी मात्र मिळाला.

सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी विंचवावर जे भारूड रचले, ते आजही गावोगावी उभे राहते. भारूडकार विव्हळत, गडबडा लोळत रंगात येतो आणि समोरचा समाज पोट धरून हसतो. हा विंचू काम-क्रोधाचा आहे, हे नाथ पहिल्याच दमात सांगून टाकतात. रूपक मुळीच लपवत नाहीत. त्यानंतर दंशाचे वर्णन येते. अंगाला घाम सुटतो, प्राण व्याकुळतो, सर्वांगाची आग होते. पुढे उतारा आहे आणि त्याची सामग्री मांत्रिकाचीच आहे; फक्त अंगारा सत्त्वगुणाचा लावायचा आहे. तरीही थोडा ठणका मागे उरतोच आणि तो गुरू जनार्दनांच्या कृपेने शांत होतो. साधनेनंतरही काही शिल्लक राहते, ही कबुली विलक्षण प्रामाणिक आहे. ज्याने विंचू चावलेला माणूस जवळून पाहिला आहे, त्याचेच हे वर्णन वाटते.

अंतरीच्या वेदनेला दंशाचे नाव देण्याची ही रीत आपल्यापुरतीच नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला सालेंतो नावाचा प्रदेश आहे. तेथे शतकानुशतके अशी समजूत होती, की तारान्तुला नावाचा कोळी चावला की माणूस खिन्न होतो, भान हरपतो आणि वाद्यांच्या ठेक्यावर तासन्‌तास नाचल्यावाचून बरा होत नाही. ग्रस्तांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते आणि व्याधी दरवर्षी उन्हाळ्यात उलटत असे. २९ जूनला, संत पॉलच्या सणाला, या स्त्रिया गालातिना येथील त्याच्या चॅपेलमध्ये येत. १९५९ मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो या अभ्यासकाने आपल्या चमूसह तेथे जाऊन पाहणी केली आणि १९६१ मध्ये ग्रंथ लिहिला. केवळ विषाने या व्याधीचा उलगडा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तुटलेले प्रेम, लादलेला विवाह, दारिद्र्य, शोक अशा ज्या दुःखांना समाजात बोलण्याची सोय नव्हती, ती कोळ्याच्या नावावर बोलली जात होती. ग्रंथाच्या शीर्षकात त्याने योजलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ पश्चात्ताप असा आहे. तो फोडला, तर ‘पुन्हा चावणे’ असाही होतो. नाथांनी क्रोधाला विंचू म्हटले, तेव्हा ते रूपक आहे हे त्यांना ठाऊक होते. सालेंतोच्या शेतमजूर स्त्रीला तसे म्हणण्याची मुभा नव्हती. तिला खरोखरच चावा बसावा लागे.

इथवर आलेला वाचक म्हणेल, की मग विंचू काय, कोळी काय, सारा मनाचाच खेळ. येथेच सावध व्हायला हवे. कोकणातला लाल विंचू हे रूपक नाही. शब्दात आणि लोकमानसात दरारा आहे तो इंगळीचा, मोठ्या काळ्या विंचवाचा. प्राण घेतो तो मात्र आकाराने लहान असलेला लाल विंचू. आपले भय आकार पाहून नेम धरते आणि चुकते, ते असे. मांत्रिकाचा लौकिकही अशाच एका चुकीवर उभा होता. बहुतेक दंशांत जीवघेणी वाटणारी वेदना होते आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते. श्रेय मंत्राला मिळते. उरलेल्या थोड्यांच्या शरीरात विष भिनत असते आणि त्यांच्यासाठी मंत्रात गेलेला तास शेवटचा ठरतो.

१९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले आणि हे मृत्यू त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले. रूढ उपचार निष्फळ ठरत होते. ते रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करीत राहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी गंभीर दंशाची पूर्वसूचना देणारी लक्षणे मांडली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे आणि पुरुषांत लिंगताठरता ही त्यांतली प्रमुख. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना जगवते, असे त्यांना आढळले. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्राझोसिनपूर्व काळात फुप्फुसात पाणी साठून गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. त्यानंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये ७० रुग्णांवरील चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हेही दिसून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता घामाकडे परत येऊ. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना असे चेतवते, की अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन यांचा शरीरात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, श्वास कोंडतो. क्रोधात आणि भयात आपल्या शरीरात जी द्रव्ये स्रवतात, तीच ही, परंतु अनेक पटींनी. म्हणजे काम-क्रोधाला विंचू म्हणणाऱ्या कवीने दोन दूरच्या वस्तू ओढूनताणून एकत्र आणल्या नव्हत्या; त्या एकाच देहात, एकाच वाटेने चालणाऱ्या होत्या. नाथांना हे शरीरविज्ञान अवगत होते, असा दावा कोणी करू नये. तसले दावे करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आमचे म्हणणे इतकेच, की त्यांनी पाहिले होते. रागावलेला माणूस पाहिला होता, डसलेला माणूस पाहिला होता आणि दोघांच्या कपाळावरचा घाम सारखा आहे हे त्यांच्या नजरेने टिपले होते. वसिष्ठांच्या घामातून कोळी उपजवणाऱ्या अज्ञात कथाकारानेही बहुधा असेच काही टिपले असावे.

वर्गात भारूड शिकवताना आपण ‘विंचू म्हणजे षड्रिपू’ असे फळ्यावर लिहितो आणि पुढे सरकतो. उपमेय हाती लागले, की उपमान टाकून द्यायचे, ही आपल्या अध्यापनाची सवयच झाली आहे. त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीच्या घरी भातकापणीच्या दिवसांत विंचू चावून माणूस गेलेला असू शकतो. तिला विंचू ठाऊक आहे. तिच्या दृष्टीने षड्रिपू हाच दूरचा शब्द आहे. तिला विंचवाविषयी आधी बोलू द्यावे, घाम केव्हा सुटला हे विचारावे आणि मग नाथांकडे वळावे. तिच्या उत्तरात कविता समजण्याची सोय आहे. दंशानंतर घाम सुटला तर मांत्रिकाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, ही गोष्टही त्याच तासाला सांगून होईल.