शब्दसिद्धी

शब्दसिद्धी म्हणजे शब्द कोणत्या घटकांपासून व कसा घडतो याचा विचार करणारे व्याकरणाचे अंग. मराठीत मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात या विषयाचे सविस्तर विवेचन आढळते.

ज्या शब्दाचे आणखी सार्थ भाग पडत नाहीत तो सिद्ध शब्द होय, उदा., रंग, माग, चादर. सिद्ध शब्दापासून घडलेला तो साधित शब्द. साधित शब्दांचे उपसर्गघटित (बेरंग), प्रत्ययघटित (रंगीत), अभ्यस्त (खटखट) आणि सामासिक (हातमाग, यंत्रमाग) असे प्रकार मानतात. धातूला प्रत्यय लागून झालेले शब्द कृदन्त (विणणे – विणाई), तर इतर शब्दांपासून झालेले तद्धित होत. ‘सोलापुरी चादर’ यातील ‘सोलापुरी’ हा तद्धित शब्द आहे.

शब्दसिद्धी आणि रूपसिद्धी यांत भेद करणे आवश्यक आहे. ‘चादरी’, ‘चादरीला’ ही ‘चादर’ या एकाच शब्दाची रूपे आहेत. ‘सोलापुरी’ हे मात्र विशेषनामापासून बनलेले विशेषण, म्हणजे नवा शब्द आहे. त्यात ‘पू’ ऱ्हस्व होतो, ‘सोलापूरकर’ या शब्दात तो दीर्घच राहतो. संस्कृतातील ‘पुर’ ऱ्हस्व असला, तरी ग्रामनामाच्या शेवटी येणारा ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा मराठी साहित्य महामंडळाचा लेखननियम आहे.

शब्दसिद्धी आणि व्युत्पत्ती

तत्सम, तद्भव, देशी व परभाषीय हे वर्गीकरण शब्दाच्या उगमावरून, तर सिद्ध व साधित हे घडणीवरून केलेले आहे. पाठ्यपुस्तकांत ही दोन्ही शेजारी येत असल्याने विद्यार्थी त्यांची गल्लत करतात. ‘चादर’ हा शब्द फारसीतून आलेला आहे आणि सिद्धही आहे. ‘माग’ या अर्थी कन्नडमध्ये ‘मग्ग’ व तेलुगूमध्ये ‘मग्गम्’ हे शब्द आहेत. या तिन्ही भाषा सोलापुरात शेजारी नांदत असल्या, तरी केवळ साम्यावरून कोणी कोणाकडून शब्द घेतला हे ठरत नाही.

आजच्या रूपाची फोड करून मूळ सांगणे अनेकदा फसवे ठरते. ‘सोळा गावांचे पूर ते सोलापूर’ ही फोड लोकप्रिय आहे, परंतु शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील, कोरीव लेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत शिलालेखात ते ‘सोनलीपूर’, तर सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’ असे आहे. त्यामुळे ‘पूर’ हा घटक नंतर जोडला गेला असावा आणि ‘सोला’चा ‘सोळा’शी लावलेला संबंध ही लोकव्युत्पत्ती असावी, असे मानण्यास आधार मिळतो. आजच्या मराठीपुरता मात्र ‘सोलापूर’ हा ‘पूर’ हे उत्तरपद असलेला शब्द आहे. नागपूर, कोल्हापूर यांच्याप्रमाणेच त्याला ‘ई’ प्रत्यय लागतो आणि त्यासाठी बोलणाऱ्याला ‘सोन्नलगे’ ठाऊक असण्याची गरज नसते.